ओस पडलेलीं इस्पितळें आणि त्यांचीं छायाचित्रें

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणपुस्तिकेसाठीं जुनीं छायाचित्रें गोळा करण्याचें काम मंडळानें आम्हांवर सोंपविलें, तेव्हां तें फार सोपें आहे असें आम्हांस वाटलें होतें. घरोघरच्या पेट्या उघडल्या गेल्या, कपाटांवरील धूळ झटकली गेली, आणि महिनाभरांत आमच्या टेबलावर चित्रांची रास पडली. बाप्तिस्मे, प्रथम ख्रिस्तप्रसाद, लग्नें, सणाच्या मिरवणुकी, महागुरुस्वामींच्या भेटी, फुलांचे हार आणि नव्या कपड्यांत अवघडून उभीं राहिलेलीं मुलें. माणूस आपल्या आनंदाचे दिवस तेवढे छायाचित्रकारास दाखवितो, हें त्या राशीवरून लगेच ध्यानांत आलें. ज्या घरांत तो आजारी पडला, जेथें त्यानें रात्रपाळी केली, जेथें त्याची माणसें त्याला कायमचीं सोडून गेलीं, त्या घरांचें चित्र काढण्याची बुद्धि कोणास होत नाहीं.

अपवाद एकच होता. तळहाताएवढें, कडा कुरतडलेलें एक छायाचित्र एका कुटुंबानें आणून दिलें. लांबट खोली, लोखंडी खाटांची ओळ, खाटांवरील गाद्या गुंडाळून उशाकडे ठेवलेल्या, आणि शेवटच्या खिडकीपाशीं डोक्यावर पांढरें वस्त्र घेतलेली एक स्त्री. उजेड तिच्या पाठीमागून येत असल्यामुळें चेहरा काळवंडला आहे. ती धर्मभगिनी होती कीं साधी परिचारिका, हें सांगतां येत नाहीं. चित्राच्या पाठीवर नांव नाहीं, गांव नाहीं, सालहि नाहीं. "आजीच्या पेटींत होतें, आणि आजी गेली," एवढाच त्याचा इतिहास. कोणी म्हणाले मिरज, कोणी म्हणाले पुणें, कोणी मुंबईचें नांव घेतलें. शेवटीं आम्हीं त्याखालीं "एक ओस पडलेलें इस्पितळ" असा मथळा लिहिला आणि पुढच्या कामास लागलों. या मथळ्याकडे आम्हांस पुनः वळावें लागणार आहे. परंतु त्या एका चित्रानें आम्हांस जो नाद लाविला, त्याची हकीकत आधीं सांगतों.

सोलापूरकरांस ओस वास्तु नव्या नाहींत. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, जिला आपण सारे जुनी गिरणी म्हणतों, ती सन १८७७ मध्यें सुरू झाली आणि १९६३ मध्यें बंद पडली. तिच्या मागून आलेल्या मोठ्या गिरण्याहि एकामागून एक थंडावल्या. एके काळीं या गांवांतील हजारों घरांची चूल गिरणीच्या भोंग्यावर पेटत असे; भोंगा गेला, आणि ज्यांस तो ऐकल्यावांचून जाग येत नसे ते म्हातारेहि आतां थोडे उरले आहेत. अलीकडे हौशी तरुण कॅमेरे घेऊन अशा पडक्या जागांत फिरतात. भिंतींतून उगवलेला पिंपळ, गंजलेलें यंत्र, फुटक्या तावदानांतून आलेला उन्हाचा पट्टा हीं त्यांचीं आवडतीं चित्रें. चित्रें सुंदर असतात यांत संशय नाहीं. परंतु त्यांच्याखालीं खात्याचें नांव क्वचितच असतें. येथें बाइंडिंग होतें कीं सायझिंग, येथें बायका कामाला होत्या कीं पुरुष, हें विचारावयास जवळच्या चाळींत जाण्याचे कष्ट फार थोडे घेतात. पिंपळ मात्र सर्वांस दिसतो.

याच गांवांत आणखी एक संस्था होती. सन १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ मध्यें विस्तारून मुंबई इलाख्यास लागू झाल्यावर सोलापुरांत तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत उभी राहिली. जन्मानेंच गुन्हेगार ठरविलेलीं माणसें तेथें हजेरी देऊन राहत आणि हजेरी देऊन गिरणींत जात. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला. तार गेली, परंतु 'सेटलमेंट' हें नांव त्या भागास चिकटून राहिलें. इस्पितळ, गिरणी आणि हें कुंपण यांस आम्ही एकाच लेखांत कां आणतों, असें कोणी विचारील. कारण एवढेंच, कीं तिन्ही ठिकाणीं माणूस स्वतःच्या घराबाहेर, दुसऱ्याच्या घंटेवर राहत असे. आणि तिन्ही ठिकाणीं कॅमेरा बहुधा घंटा वाजविणाराच्या हातीं होता.

आतां मागें जाऊं. 'इस्पितळ' हा शब्द आपण मराठी समजून वापरतों. पाव, चावी, पगार यांच्याप्रमाणें तोहि पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरला. आल्फोन्सो द आल्बुकेर्क यानें सन १५१० मध्यें, संत कॅथरिनेच्या सणाच्या दिवशीं, गोवें जिंकलें आणि त्यानंतर लवकरच मांडवीच्या कांठीं राजाच्या नांवानें एक इस्पितळ स्थापिलें. संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजीं गोव्यांत पोंचले, तेव्हां त्यांनीं बिऱ्हाड केलें तें या इस्पितळांतच. रात्रीं जो रोगी सर्वांत अत्यवस्थ असे त्याच्या खाटेशेजारीं ते जमिनीवर निजत, अशी त्यांच्या चरित्रकारांनीं जपलेली आठवण आहे. पुढें या इस्पितळाची व्यवस्था येशूसंघीय धर्मगुरूंकडे आली.

या वास्तूचें छायाचित्र नाहीं. असणेंच शक्य नव्हतें, कारण कॅमेऱ्याचा जन्म व्हावयाच्या आधींच तिची अवकळा झाली होती. परंतु तिचें एक शब्दचित्र आहे, आणि तें काढलें एका रोग्यानें. फ्रान्स्वा पिरार द लाव्हाल नांवाचा एक फ्रेंच खलाशी सन १६०२ मध्यें मालदीव बेटांपाशीं जहाज फुटल्यामुळें तेथें कित्येक वर्षें अडकून पडला. तेथून सुटून हिंडत हिंडत सन १६०८ मध्यें तो आजारी स्थितींत गोव्यास आणला गेला आणि या इस्पितळांत दाखल झाला. त्याच्या डोळ्यांवर त्या वास्तूनें जी मोहिनी घातली ती त्याच्या प्रवासवर्णनांत उतरली आहे. जगांत याहून चांगलें इस्पितळ नसावें, असें त्याचें मत. रंगरोगण केलेल्या सुबक खाटा, पांढऱ्या शुभ्र चादरी, रेशमी व सुती पांघरुणें, अंगावर घालावयास स्वच्छ कपडे, चिनी मातीच्या ताटांत वाढलेलें जेवण, ठरल्या वेळीं फेरी घालणारे वैद्य व शस्त्रवैद्य. आठवणींत राहिलेली प्रत्येक वस्तु तो आपल्यापुढें मांडतो. ज्यानें वर्षानुवर्षें परक्या बेटावर काढलीं त्यास चादर ही किती मोठी वस्तु असते, हें येथें दिसतें. हें इस्पितळ गोऱ्या शिपायांसाठीं होतें, हें मात्र ध्यानांत ठेविलें पाहिजे. इतर रोग्यांसाठीं शहरांत निराळीं इस्पितळें होतीं. गंमतीची गोष्ट ही, कीं बरा होऊन बाहेर पडतांच पिरारला तुरुंगांत टाकण्यांत आलें. रेशमी पांघरूण आणि बेडी या दोन्ही त्याला एकाच राजाकडून मिळाल्या.

तथापि पिरारचें शब्दचित्र हेंहि एक चित्रच, आणि चित्राच्या चौकटीबाहेर पुष्कळ राहतें. सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत याच इस्पितळांत सुमारें २५,००० शिपाई मेले असें इतिहासकार लिहितात. लिस्बनहून निघालेलीं कोंवळीं पोरें जहाजावरच अर्धमेलीं होत, आणि उरलेलें काम गोव्याचें पाणी व ताप करी. शतकाच्या मध्यास ताव्हेर्निये हा दुसरा फ्रेंच प्रवासी तेथें आला, तोंवर पूर्वीची कीर्ति लोपली होती. रोग्यांची हेळसांड होते, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. एकाच दारांतून दोघे आंत डोकावले, आणि दोघांनीं दोन घरें पाहिलीं. पिरार खोटें बोलला असें आम्हांस वाटत नाहीं. तो वांचला होता. मेलेल्यांपैकीं एकानेंहि प्रवासवर्णन लिहिलें नाहीं.

त्या शहराचें पुढें काय झालें हें वाचकांस ठाऊक आहे. रोगराईनें वस्ती हटली, दरबार पणजीकडे सरकला, आणि १८४३ मध्यें पणजी ही रीतसर राजधानी झाली. १७५९ मध्यें येशूसंघीयांस गोव्यांतून घालविण्यांत आलें होतें. १८३५ मध्यें उरलेले मठवासी संघहि बरखास्त झाले. मठ रिकामे झाले कीं त्यांचें छप्पर कोण शाकारणार? गोव्याचा पाऊस ज्यानें पाहिला आहे त्यास पुढचें सांगावयास नको. ऑगस्टिनवासीयांच्या भव्य मंदिराचें छत १८४२ मध्यें कोसळलें. आणि योगायोग असा, कीं त्याच वर्षीं पणजीस वैद्यकाची शाळा स्थापन झाली. जुन्या शहरांत एक घर पडलें आणि नव्या शहरांत एक घर उभें राहिलें. पडक्या वास्तूंचा चिरा नव्या वास्तूंस गेला, घंटा दुसऱ्या मनोऱ्यांस गेल्या. ऑगस्टिनच्या मनोऱ्याची घंटा १८७१ पासून पणजीच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या मंदिरावर वाजते आहे.

याच सुमारास कॅमेरा येऊन पोंचला. छायाचित्रणाची विद्या पॅरिस येथें १८३९ मध्यें जगापुढें मांडली गेली, आणि १८५४ मध्यें मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. तिच्या पहिल्या सभासदांत डॉ. नारायण दाजी होते. प्रख्यात डॉ. भाऊ दाजी यांचे हे बंधु. ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकलेले वैद्य, आणि तितकेच निष्णात छायाचित्रकार. इस्पितळ व कॅमेरा यांची सोयरीक आपल्याकडे इतकी जुनी आहे. दोन्ही कामांस अंधारी खोली, औषधांच्या बाटल्या आणि स्थिर हात लागतो, हें त्याचें कारण असेल काय, कोण जाणे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जुन्या गोव्याचीं छायाचित्रें निघूं लागलीं, आणि त्यांचें मोल १९३१ मध्यें कळलें. त्या वर्षीं ऑगस्टिनच्या मंदिराची दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा खालीं आला. आज यात्रेकरू ज्या उंच, एकाकी, चिरफाळलेल्या मनोऱ्यापुढें उभे राहून फोटो काढतात, तो त्या मनोऱ्याचा उरलेला अर्धा भाग होय. उरलेल्या अर्ध्याची आणि शेजारच्या भिंतीची साक्ष केवळ जुनीं छायाचित्रें देतात. याच पडक्या मंदिरांत जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थींचा शोध घेतला गेला. १६२४ मध्यें शिराझ येथें धर्मासाठीं तिला मरण आलें. ऑगस्टिनवासीयांनीं तिचे अवशेष गोव्यास आणले, आणि मंदिराबरोबर तेहि ढिगाऱ्याखालीं हरवले. जुन्या लेखांत त्या पेटीची जागा एका खिडकीच्या खुणेनें सांगितली होती. खिडकी ज्या भिंतींत होती ती भिंतच पडल्यावर खूण शोधावी कशी? वर्षानुवर्षें खोदकाम चाललें, शेवटीं अस्थि सांपडल्या, शास्त्रीय परीक्षा झाली, आणि २०२१ मध्यें त्या जॉर्जियाच्या स्वाधीन करण्यांत आल्या. एक खिडकी कोठें होती हें सांगणारें चित्र किती श्रम वांचवूं शकतें, हें यावरून कळावें.

परंतु आम्हांस या विषयांतील सर्वांत जवळचा माणूस वाटतो तो गोव्यांतील हडफडें गांवचा. डॉ. जोझे गेर्सन द कुन्हा यांचा जन्म तेथें १८४४ मध्यें झाला. मुंबईंत ते वैद्यकी करीत. नाण्यांचा आणि इतिहासाचा त्यांस विलक्षण नाद. १८७६ मध्यें त्यांनीं चौल व वसई यांच्या इतिहासावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत १७ छायाचित्रें होतीं. त्या काळीं पुस्तकांत छायाचित्रें घालणें म्हणजे मोठाच खटाटोप. काचेच्या जड पट्ट्या, रसायनें आणि तिपाई घेऊन झाडींत शिरावयाचें, आणि उजेड मनासारखा पडेपर्यंत वाट पाहावयाची.

वसईस त्या वेळीं काय होतें? १५३४ मध्यें गुजराथच्या बहादुरशहानें तें ठाणें पोर्तुगीजांस दिलें; १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं तें घेतलें. मधल्या दोन शतकांत किल्ल्याच्या आंत मंदिरें, मठ, येशूसंघीयांचें विद्यालय आणि दयाबंधूंच्या संघाचें घर उभें राहिलें. हा संघ १४९८ मध्यें लिस्बन येथें निघाला आणि पोर्तुगीज जेथें जेथें गेले तेथें तेथें त्यांच्याबरोबर गेला. भुकेल्यांस अन्न, उघड्यांस वस्त्र, रोग्यांची विचारपूस, बंदिवानांची भेट, मृतांस मूठमाती हीं दयेचीं कामें धर्मशिक्षणाच्या वर्गांत आपण सर्वांनीं पाठ केलीं आहेत. तीं या संघानें घटनेंतच लिहून घेतलीं होतीं. याच वसईंत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ मध्यें नागासाकी येथें क्रुसावर मेले आणि १८६२ मध्यें संतपदास पोंचले. म्हणजे गेर्सन द कुन्हा कॅमेऱ्यासह वसईचा शोध घेत होते, तेव्हां गांवचा पुत्र संत होऊन पुरीं पंधरा वर्षेंहि झालीं नव्हतीं, आणि गांव मात्र रानांत बुडालें होतें.

या ग्रंथांतील चित्रांकडे आम्ही एका गोष्टीसाठीं आदरानें पाहतों. तेथें भग्नतेचें कौतुक नाहीं. प्रत्येक भिंत कोणाची, दारावरील शिलालेखांत काय लिहिलें आहे, फरशीखालीं कोण निजला आहे, हें सांगण्यासाठीं चित्र आलें आहे. वैद्य जसा रोग्याचें नांव, गांव आणि वय आधीं लिहून मग नाडी पाहतो, तशी ही रीत. आणि जें चित्रांत येऊं शकत नव्हतें तेंहि त्यांनीं गोळा केलें. वसईच्या घंटांची गोष्ट आपल्या वाचकांस आवडेल. मराठ्यांनीं त्या विजयचिन्हें म्हणून नेल्या. नाशकास गोदेच्या कांठीं नारोशंकराच्या मंदिरावर १७२१ साल कोरलेली घंटा आहे, आणि वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांच्या घाटावरील घंटेवर मातेची व बालयेशूची आकृति दिसते. वसईस मनोरे राहिले, त्यांतला आवाज सह्याद्रीपार गेला.

याच हडफडें गांवानें मुंबईस दुसराहि एक वैद्य दिला. डॉ. अकाशिओ व्हिएगस यांनीं सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांतील तापकरी रोग्यांस पाहून हा ग्रंथिज्वर, म्हणजे प्लेग, आहे असें निदान केलें. पुढचीं वर्षें इलाख्यास कशीं गेलीं तें सर्वश्रुत आहे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यांत घरझडत्या झाल्या आणि २२ जून रोजीं रँडवर गोळी झाडली गेली. त्याआधीं १० मार्च रोजीं सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगानें गेल्या. सोलापूरहि सुटलें नाहीं. लोक घरें सोडून माळावर राहूं लागले, आणि शहराबाहेर तट्ट्यांचीं व पत्र्यांचीं इस्पितळें उभीं राहिलीं.

हीं इस्पितळें ओस पडलीं तेव्हां अवशेषहि उरले नाहींत. साथ सरली कीं तीं मोडलीं, कांहीं जाळलीं. त्यांची आठवण आज आहे ती छायाचित्रांत. मुंबईच्या प्लेग समितीच्या कामाचा जो चित्रसंग्रह आहे त्यांतील चित्रें कॅप्टन मॉस या लष्करी अधिकाऱ्यानें काढलीं. कराचीचीं चित्रें १८९७ मध्यें जालभॉय या छायाचित्रकारानें काढलीं. रांगेंत मांडलेल्या खाटा, पायथ्याशीं बसलेले नातेवाईक, दाराशीं उभे केलेले नोकर, चुन्यानें रंगविलेले खांब, सर्व नीटनेटकें. समितीनें केवढें काम केलें हें दाखविण्यासाठींच तीं काढलेलीं आहेत, आणि कामहि खरेंच केवढें तरी होतें. परंतु खाटेवरील माणसाकडे पाहावें. त्याला कोणी विचारलें होतें काय? तो दुसऱ्या दिवशीं होता काय? चित्राखालीं वॉर्ड आहे, शहर आहे, अधिकाऱ्याचा हुद्दा आहे. रोग्याचें नांव नाहीं. ज्यांच्या घरांत झडती झाली त्यांनीं तीं चित्रें काढलीं असतीं तर तीं निराळीं निघालीं असतीं. तरीहि हीं चित्रें नसतीं, तर तीं माणसें आंकड्यांतच राहिलीं असतीं. आंकड्यास डोळे नसतात. येथें निदान डोळे दिसतात.

आणि हें फार जुनें म्हणून आपण सुटूं शकत नाहीं. तोच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्यें महाराष्ट्रांत पुनः लागू झाला. त्या दोन वर्षांत मंगल कार्यालयें, वसतिगृहें आणि शाळा यांची इस्पितळें झालीं आणि पुनः पूर्ववत् झालीं. या वेळीं तर प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा होता. असें असूनहि, ज्या खाटेवर आपलें माणूस शेवटचें निजलें तिचें चित्र आपल्यापैकीं किती घरांत आहे? आंत जाण्यास मनाई होती. ज्यांनीं आंतून चित्रें पाठविलीं तीं पाहवेनात म्हणून पुसून टाकलीं. हा दोष कोणाचा नव्हे. परंतु पन्नास वर्षांनीं कोणी पेट्या उघडील तेव्हां तेथें पुनः लग्नेंच सांपडतील.

सोलापूरच्या एका सुपुत्राची गोष्ट येथें आठवते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० मध्यें याच शहरांत झाला. १९३८ मध्यें भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनमध्यें गेले, कॅनडाच्या डॉ. बेथ्यून यांच्या नांवानें चालणाऱ्या शांति-इस्पितळाचे प्रमुख झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं तेथेंच वारले. हें इस्पितळ म्हणजे इमारत नव्हतीच. युद्ध पुढें सरकेल तशा खाटा एका खेड्यांतून दुसऱ्यांत जात. शेतकऱ्याचें घर, पडकें देऊळ, जें मिळेल तें. वू यिनश्येन या छायाचित्रकारानें १९३९ मध्यें काढलेलें, देवळांत ओणवे होऊन शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. बेथ्यून यांचें चित्र जगभर गाजलें. त्या देवळास ओस म्हणावें कीं गजबजलेलें? सोलापुरांतील कोटणीसांचें जन्मघर सुदैवानें राखलें गेलें आणि आतां तें स्मारक झालें आहे. तेथें जाणाऱ्या मुलांस चीनमधील चित्रें दिसतात. ज्या सोलापुरांत ते लहानाचे मोठे झाले त्या सोलापुराचीं चित्रें मात्र आपणच पुरविलीं पाहिजेत.

एक कबुली देऊन टाकतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या नेहमींच्या रस्त्यावरील एक जुना दवाखाना पाडावयास काढला होता. लाकडी जिना, औषध देण्याची लहानशी खिडकी, तिच्याखालीं हातांनीं झिजून खोलगट झालेली दगडी पट्टी. तीन पिढ्यांनीं त्या पट्टीवर बाटली ठेविली होती. कॅमेरा आमच्या घरीं होता. रविवारीं मिस्सेनंतर जाऊं असें ठरविलें. त्या रविवारीं पाहुणे आले. पुढच्या रविवारीं गेलों तों उंबरठा तेवढा शिल्लक होता, आणि त्यावर एक गाढव उभें होतें. त्या गाढवाचें छायाचित्र काढण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

आतां त्या मथळ्याविषयीं. पुस्तिकेचीं पानें छापखान्यांत जाण्यापूर्वीं आम्हीं सर्व चित्रें धर्मग्रामांतील एका वृद्ध बाईंस दाखविलीं. ऐंशी ओलांडलेल्या; उमेदींत त्यांनीं इस्पितळांत आयाचें काम केलेलें. लग्नांच्या चित्रांतील वऱ्हाडी त्यांनीं भराभर ओळखले. तळहाताएवढें तें चित्र हातीं घेतल्यावर चष्मा कपाळावर सरकवून त्यांनीं तें डोळ्यांशीं नेलें, आणि मथळा वाचून दाखवितांच त्या हंसूं लागल्या.

"अहो, ओस कसलें! ओस वॉर्डांत गाद्या कोण ठेवील? चोर नेतील कीं. गाद्या गुंडाळून उशाला लाविल्या म्हणजे वॉर्ड धुवायला काढला. आम्ही शनिवारीं असेंच करीत असूं. रोगी व्हरांड्यांत बसवायचे, आणि दोघी-तिघींनीं फिनेलचें पाणी ओतून ह्या टोंकापासून त्या टोंकापर्यंत खराट्यानें न्यायचें. बघा, हिच्या पायांखालची फरशी चकाकते आहे ती."

आम्हीं भिंग आणलें. फरशी खरोखरच ओली होती, आणि खिडकीचा उजेड तींत उलटा पडला होता. स्त्रीच्या डाव्या हातांत, लुगड्याच्या कीं झग्याच्या घडीआड, खराट्याचा दांडा होता. इतके दिवस तो आम्हांस भिंतीवरील चीर वाटत होता.

"ही कोण, ओळखतां काय बाई?" आम्हीं विचारलें.

"तोंड कुठें दिसतंय? पण खराटा ह्या हातांत धरलाय म्हणजे डावरी असणार."

मथळा आम्हीं काढून टाकला आहे. चित्र पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर तसेंच, विनानांवाचें छापलें आहे. ज्यांच्या घरीं कोणी डावरी आजी, आत्या किंवा मावशी इस्पितळांत कामाला होती, त्यांनीं मूळ चित्र पाहावयास जरूर यावें. तें धर्मग्रामाच्या कचेरींत नोंदवह्यांच्या कपाटांत ठेविलें आहे. पाठीमागें लिहावयास शिसपेन्सिल वापरावी, शाई कागदांतून पुढें उमटते.